आयरिश समुद्रातली रेघ सरकली, पण कोणत्या घड्याळानुसार?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी समुद्रविज्ञानात एम.एस्सी. करते आहे. आयरिश समुद्राची २००३ ते २०१५ या तेरा उन्हाळ्यांतली उपग्रहाची तापमानचित्रं घेऊन पश्चिम भागातल्या फ्रंटची, म्हणजे दोन तऱ्हेच्या पाण्यांमधल्या सीमेची, जागा काढली. सरासरी रेघ तीनेक किलोमीटर पश्चिमेला सरकलेली दिसते. हा हवामानबदलाचा परिणाम म्हणता येईल का? आणि अशा अर्धवट बंदिस्त समुद्रात फ्रंट काळानुसार नेमके कसे बदलतात?"

दुसऱ्या प्रश्नात शिरल्याशिवाय पहिल्याचं उत्तर नीट देता येत नाही, पण निकाल आधीच सांगून टाकतो. एवढ्या पुराव्यावर हवामानबदलाचं नाव घेऊ नका. समुद्र तापतोय म्हणून ही रेघ हलली असती तर ती पूर्वेला हलायला हवी होती. तुमची उलट दिशेला गेली आहे. तुमच्या कामातली सगळ्यात रंजक गोष्ट मला हीच वाटते, आणि तुम्ही ती प्रश्नात जाता जाता सांगून मोकळ्या झालात.

या विषयात नवीन असलेल्यांसाठी आधी थोडं मुळातलं. बंबातलं कढत पाणी बादलीतल्या गार पाण्यावर हळूच सोडलं आणि हात घालून ढवळलं नाही, तर वर चटका आणि तळाला गारठा. विसण ढवळावंच लागतं. उथळ समुद्रात उन्हाळाभर हेच चालतं. ऊन वरून पाणी तापवतं आणि गरम हलका थर वर तरंगतो. खालून भरती-ओहोटीचा प्रवाह समुद्रतळाला घासत जातो आणि त्या घर्षणातून उठलेल्या भोवऱ्यांनी पाणी ढवळलं जातं. जिथे ढवळणं जिंकतं तिथे वरपासून तळापर्यंत एकच तापमान. जिथे ऊन जिंकतं तिथे दोन थर. या दोन मुलखांच्या मधली अरुंद पट्टी म्हणजे भरतीच्या मिश्रणामुळे तयार होणारा फ्रंट. फ्रंटचे इतरही प्रकार आहेत, नद्यांच्या गोड्या पाण्याचे, खोल समुद्राच्या काठावरचे. तुम्ही मोजलात तो हा.

आयरिश समुद्र या अभ्यासासाठी जणू मुद्दाम घडवल्यासारखा आहे. पूर्वेला ब्रिटन, पश्चिमेला आयर्लंड, मध्ये आइल ऑफ मॅन. दोनच दारं: उत्तरेला नॉर्थ चॅनल, दक्षिणेला सेंट जॉर्जेस चॅनल. अटलांटिकची भरती दोन्ही दारांतून आत शिरते आणि आइल ऑफ मॅनच्या नैर्ऋत्येला समोरासमोर येते. तिथे पाणी वर-खाली होतं, पण आडवं फारसं वाहत नाही. त्यातच पश्चिमेकडचा हा भाग खोल आहे, शंभर मीटरच्याही पुढे. प्रवाह मंद आणि पाणी खोल, म्हणजे उन्हासाठी मैदान मोकळं. याउलट वेल्सच्या वायव्य टोकाजवळ, अँगलसीच्या आसपास, प्रवाह सेकंदाला एक मीटरच्या पुढे सहज जातो. तिथे ऐन ऑगस्टमध्येही थर टिकत नाहीत.

वेल्समधल्या मेनाय ब्रिज इथल्या प्रयोगशाळेतल्या जॉन सिम्पसन आणि जॉन हंटर यांनी १९७४ साली 'नेचर'मध्ये दीड-दोन पानांचा लेख लिहिला आणि या सगळ्याला एक साधी कसोटी दिली: पाण्याची खोली भागिले प्रवाहाच्या वेगाचा घन. ऊन सगळीकडे सारखंच पडतं असं धरलं, तर फ्रंट या गुणोत्तराच्या एका ठरावीक किमतीवर बसतो. मीटर आणि सेकंदात मोजून दहाच्या पायाचा लॉगॅरिदम घेतला की ती किंमत साधारण २.७ येते. हिशेब करून पाहा. शंभर मीटर खोली आणि सेकंदाला एक मीटर वेग असेल तर लॉग २ येतो, म्हणजे पाणी पूर्ण ढवळलेलं. तीच खोली आणि वेग ०.३ मीटर, तर साडेतीनच्या वर, म्हणजे पक्के थर. वेगाचा घन असल्यामुळे सगळी सत्ता प्रवाहाच्या हातात. खोली आणि ऊन हे दरबारातले मानकरी. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे तुमच्या तीन किलोमीटरचा निवाडा यावरच होणार आहे.

आता घड्याळं. फ्रंट कसा बदलतो, असा एकच प्रश्न नसतो. बारा तासांच्या, पंधरवड्याच्या, वर्षाच्या आणि दशकांच्या घड्याळांवर एकच रेघ वेगवेगळ्या रीतीने हलते आणि प्रत्येक वेळी कारण निराळं असतं.

सगळ्यात वेगवान घड्याळ साडेबारा तासांचं, नेमकं सांगायचं तर १२.४२. इथे फ्रंट बदलत नाही, नुसता वाहून नेला जातो. रेघेला आडवा जाणारा प्रवाह सेकंदाला अर्ध्या मीटरपर्यंत चढत असेल, तर ओहोटीपासून भरतीपर्यंत ती रेघ सुमारे सात किलोमीटर पुढे जाते आणि पुढच्या सहा तासांत परत येते. तुमचा सगळा दशकी बदल त्याच्या निम्म्याहून कमी आहे. म्हणून पहिला प्रश्न: चित्र घेतलं तेव्हा भरतीची कोणती अवस्था होती?

तुम्ही म्हणाल, हजारो चित्रांच्या सरासरीत ते धुऊन जातं. बरंचसं जातं, पण इथे एक खोच आहे आणि ती कोकणातल्या माणसाला चटकन कळेल. आपल्याकडे भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे, तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. म्हणजे उधाणाची, अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची, मोठी भरती एखाद्या बंदरात कायम ठरल्या वेळीच येते. लिव्हरपूललाही उधाणाची भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपासच येते. अ‍ॅक्वा हा तापमानचित्रं घेणारं मोडिस उपकरण वाहणारा उपग्रह वर्षानुवर्षं दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास वरून गेला. त्यामुळे उधाणाच्या दिवसांतली त्याची चित्रं भरती नुकतीच उलटल्यावरची असतात, आणि भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीच्या, दिवसांतली ओहोटी नुकतीच संपल्यावरची. उधाण आणि भांग यांतला फरक मोजायला गेलात, तर त्यात हे पुढे-मागे वाहून जाणं बेमालूम मिसळलेलं असतं. यातून दशकांचा खोटा कल उगवणार नाही, पण पंधरवड्याचा खोटा फरक नक्की उगवेल.

पंधरवड्याच्या घड्याळाबद्दल मला जरा जास्त लिहायचं आहे, कारण फ्रंटचा स्वभाव कळतो तो इथेच. आयरिश समुद्रात उधाणाचा प्रवाह भांगाच्या साधारण दुप्पट असतो. दुपटीचा घन आठ. म्हणजे ढवळण्याची ताकद दर पंधरा दिवसांत आठ पटींनी वर-खाली होते आणि लॉगमध्ये ०.९ एवढा झोका बसतो. समजा तुमच्या भागात हा लॉग दर वीस किलोमीटरला एकने बदलतो. मग कागदावर फ्रंटने प्रत्येक पंधरवड्यात अठरा किलोमीटर जा-ये करायला हवी. सिम्पसन आणि डेव्हिड बॉवर्स यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीला उपग्रहाच्या अवरक्त चित्रांवर हे तपासलं, तर फ्रंट जेमतेम काही किलोमीटर हलताना दिसला.

का? एकदा थर बसले की ते स्वतःचं रक्षण करतात. गरम हलकं पाणी वर आणि गार जड पाणी खाली असेल, तर खालून उठणाऱ्या भोवऱ्यांची ताकद त्या सीमेवरच खर्ची पडते आणि ढवळणं कमी परिणामकारक होतं. शिवाय भांगाच्या आठवड्यात नव्याने थर बसलेल्या पट्ट्यात साठलेली उष्णता पुढच्या उधाणाला आधी तळापर्यंत पोचवावी लागते, तेव्हा कुठे ती पट्टी पुन्हा एकजीव होते. त्यात आठवडा संपतो आणि परत भांग येतं. थोडक्यात फ्रंटला स्मृती असते. कालच्या उन्हाचा हिशेब तो आज लगेच पुसू देत नाही.

ही स्मृती मात्र हंगामापुरतीच. एप्रिल-मे महिन्यांत पश्चिम आयरिश समुद्रात थर बसू लागतात, जून ते ऑगस्ट फ्रंट ठळक असतो, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वरचं पाणी निवलं, वारे वाढले की सगळं मोडतं. हिवाळ्यात समुद्र पाटी कोरी करतो. पुढच्या वर्षी फ्रंट नव्याने जन्मतो. म्हणून पंधरवड्याच्या झोक्याला जी स्मृती आडवी येते, ती वर्षानुवर्षं चालणाऱ्या मंद बदलाला आडवी येत नाही. दर वर्षीचा फ्रंट त्या वर्षीच्या सरासरी ढवळण्याप्रमाणे आपली जागा शोधतो. हा मुद्दा अभ्यासात फार वेळा सुटतो.

हंगामाबद्दल दोन इशारे. एक, हिवाळ्यातल्या चित्रातही तुम्हाला रेघ दिसेल, पण ती या जातीची नव्हे. लिव्हरपूलच्या उपसागरासारखं उथळ पाणी हिवाळ्यात लवकर गार होतं, पश्चिमेकडचं खोल पाणी उशिरा. त्यातून जी सीमा बनते तिचा थरांशी संबंध नाही. बारा महिन्यांची चित्रं एकाच चाळणीतून गाळून वार्षिक सरासरी काढली असेल, तर ती दोन वेगळ्या गोष्टींची भेसळ आहे. तुम्ही फक्त उन्हाळा घेतलात, ते योग्यच केलंत. दुसरा इशारा, उपग्रहाला दिसतं ते पाण्याचं कातडं. पृष्ठभागावर थरांची बाजू उबदार आणि ढवळलेली बाजू गार असते. तळाला नेमकं उलट. तिथे थरांखाली हिवाळ्यातलं गार पाणी घुमटासारखं अडकून बसलेलं असतं आणि शेजारचं ढवळलेलं पाणी त्याहून उबदार. घनतेच्या दृष्टीने खरा जोर या तळाच्या सीमेत आहे. तिच्यामुळेच पश्चिम आयरिश समुद्रात घुमटाभोवती घड्याळाच्या उलट दिशेने फिरणारा प्रवाह तयार होतो, आणि नव्वदच्या दशकात वाहती मापकं सोडून संशोधकांनी तो प्रत्यक्ष पाहिला. सप्टेंबरमध्ये वरची रेघ फिकट होते तेव्हा आपल्याला वाटतं फ्रंट गेला. खाली तो घुमट आणि त्याभोवतीचं चक्र अजून चालूच असतं.

या चक्राची फिकीर केवळ आपल्यासारख्यांना नाही. त्याच्या खाली चिखलाचा मोठा पट्टा आहे, कारण प्रवाह मंद असला की बारीक गाळ तळाला बसतो. त्या चिखलात बिळं करून राहणारी डब्लिन बे प्रॉन ही तिथल्या मच्छीमारांची मुख्य कमाई. तिची पिल्लं वसंतात बाहेर पडतात आणि काही आठवडे पाण्यात तरंगत काढतात. चक्र त्यांना चिखलाच्या डोक्यावरच गोल गोल फिरवत ठेवतं. नाहीतर ती वाळूवर किंवा खडकावर जाऊन पडतील आणि फुकट जातील. थर बसण्याची तारीख पुढे-मागे झाली तर पिल्लांची आणि चक्राची वेळ जुळेल की नाही, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा. माझ्या मते रेघ तीन किलोमीटर इकडे की तिकडे यापेक्षा तो कितीतरी मोठा आहे.

त्याच समुद्राच्या दुसऱ्या टोकाला, लिव्हरपूलच्या उपसागरात, मामला अगदी निराळा. मर्सी, डी, रिबल या नद्यांचं गोडं पाणी तिथे येतं आणि फ्रंट उष्णतेपेक्षा क्षारतेचा असतो. ओहोटीच्या वेळी वरचं पाणी तळाच्या पाण्यापेक्षा जोरात समुद्राकडे जातं, कारण तळाचं घर्षणाने मागे रेंगाळतं. त्यामुळे गोडं पाणी खाऱ्यावर चढतं आणि थर बसतात. भरती आली की तेच उलट फिरतं आणि थर मोडतात. दिवसातून दोनदा. सिम्पसन आणि सहकाऱ्यांनी १९९० साली याचा उलगडा केला. तिथे फ्रंटची मासिक सरासरी जागा काढून हाती फारसं काही लागत नाही. तुमच्या चौकटीत तो कोपरा आला असेल तर कापून टाका.

वाऱ्याबद्दल थोडक्यात. एखादं वादळ वरचा थर ढवळून फ्रंट पुसट करतं आणि शांत उन्हाचे चार दिवस आले की तो परत उमटतो. फ्रंटच्या कडेने वळणं येतात, त्यांचे भोवरे होऊन तुटतात, त्यालाही काही दिवस पुरतात. म्हणून एका चित्रातली रेघ म्हणजे एका क्षणाचा फोटो. त्यावरून घराण्याचा इतिहास लिहू नये.

आता तुमच्या तेरा वर्षांकडे. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी जो कोन करते, त्याचे छेदनबिंदू, म्हणजे आपले राहू-केतू, १८.६ वर्षांत एक फेरी पूर्ण करतात. त्याने चंद्राच्या मुख्य अर्धदैनिक भरतीचा जोर सरासरीच्या वर-खाली सुमारे ३.७ टक्के होतो. ऐकायला किरकोळ, पण इथे परत घन येतो, आणि ढवळण्याची ताकद वर-खाली अकरा टक्के होते. २००६ साली हा जोर सगळ्यात कमी होता, २०१५ साली सगळ्यात जास्त, आणि २०२५च्या सुरुवातीला पुन्हा सगळ्यात कमी. तुमची मालिका २००३ ते २०१५. म्हणजे तुम्ही खड्ड्याच्या थोडं आधी सुरू केलंत आणि नेमकं शिखरावर थांबलात. २००६ नंतर ढवळणं वाढत गेलं, ढवळलेला मुलूख पसरला आणि फ्रंट थरांच्या मुलखाकडे, म्हणजे पश्चिमेला ढकलला गेला. तुमची दिशा जुळते.

आकडाही बघा. तळापासून शिखरापर्यंत वेगाच्या घनात जो फरक पडतो, तो लॉगमध्ये साधारण ०.१ येतो. वर धरलेल्या उताराने, वीस किलोमीटरला एक, तो होतो दोन किलोमीटर. तुम्हाला तीनेक मिळालेत. उरलेला एक तुमच्या मापनातच कुठेतरी आहे अशी माझी पैज, त्याबद्दल खाली लिहितो.

आता याच तराजूत हवामानबदल घाला. उन्हाळ्यात समुद्राला मिळणारी निव्वळ उष्णता दहा टक्क्यांनी वाढली असं धरा, आणि ही वाढ काही लहान नाही. लॉगमध्ये फरक ०.०४. किलोमीटरमध्ये ०.८, तोही पूर्वेला, कारण ऊन वाढलं की थरांचा मुलूख पसरतो. हा तुमच्या चित्राच्या एका चौकोनाहूनही, म्हणजे पिक्सेलहूनही, कमी आहे. समुद्रपातळी अर्धा मीटरने वाढली तर ऐंशी मीटर खोलीत फरक एका टक्क्याहून कमी, तो या कसोटीत दिसणारसुद्धा नाही. भरतीच्या प्रवाहावर तिचा परिणाम हा वेगळा विषय, पण तोही तेरा वर्षांत हाती लागणारा नव्हे.

याचा अर्थ आयरिश समुद्र तापत नाही असा मुळीच नाही. आइल ऑफ मॅनवरच्या पोर्ट एरिनला समुद्राच्या तापमानाची नोंद १९०४ पासूनची आहे आणि तिच्यात तापणं स्पष्ट दिसतं. पण दोन्ही बाजू सारख्या तापल्या तर रेघ आहे तिथेच राहते. फरक पडतो तो थर बसण्याच्या आणि मोडण्याच्या तारखांत, आणि वरच्या-खालच्या थरांतल्या तापमानाच्या अंतरात. वायव्य युरोपच्या उथळ समुद्रांची भावी चित्रं काढणारी प्रारूपंही हेच सांगतात की थरांचा हंगाम दोन्ही टोकांनी लांबेल. भरतीचा फ्रंट जागेच्या बाबतीत भलता हट्टी असतो. हवामानबदलाचा पुरावा त्याच्या जागेत शोधणं म्हणजे दिवाळी लवकर आली का हे बघायला आकाशकंदील किती डावीकडे टांगलाय ते मोजणं.

त्याची जागा खरोखर बदलायची तर भरतीच बदलावी लागते. हिमयुगानंतर समुद्र चढत गेला तेव्हा तसं घडलं. पाणी खोल झालं, किनारे बदलले, भरतीची ताकद बदलली आणि या भागातले फ्रंट हजारो वर्षांत लांबवर सरकले. तळाच्या गाळातल्या फोरॅमिनिफेरा या सूक्ष्म कवचधारी जीवांच्या जाती थराथराने बदलतात, त्यावरून ते कळतं.

आता उरलेला एक किलोमीटर. इथे जरा कडक बोलतो, कारण या चुका मी स्वतः केल्या आहेत.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका जूनच्या चित्रांत मला सुबक नवा फ्रंट सापडला होता. चार दिवस सलग, तोही जिथे कोणी पाहिला नव्हता अशा जागी. मार्गदर्शकांना मोठ्या उत्साहाने दाखवला. त्यांनी एकच विचारलं, "वारा किती होता?" वारा नव्हताच. दुपारच्या उन्हाने पाण्याचं वरचं बोटभर कातडं तापलं होतं आणि जिथे झुळूक होती तिथे ते मोडलं होतं. माझा फ्रंट म्हणजे झुळकीची कड होती. रात्रीच्या चित्रांत ती नव्हती, पण मी फक्त दुपारची चित्रं घेतली होती, कारण ती जास्त "स्पष्ट" दिसत होती. तेव्हापासून उन्हाळ्यात शक्यतो रात्रीचीच चित्रं घेतो.

ढग हा दुसरा चोर. फ्रंट किती वेळा दिसला हे मोजताना भाजक काय घेतलात? एकूण दिवस घेतले असतील तर ढगाळ उन्हाळ्यात फ्रंट आपोआप "कमी" होतो. त्या चौकोनात आकाश निरभ्र होतं तेवढेच दिवस भाजकात यायला हवेत. शिवाय समुद्रावरचं पातळ धुकं गार पाण्यावर जास्त वेळ रेंगाळतं, म्हणजे ढवळलेली बाजू जास्त वेळा झाकली जाते. ढग ओळखणारी चाळणी फार कडक असेल तर ती फ्रंटची तीव्र कडच ढग समजून फेकून देते. एकेका चित्राऐवजी आठवड्याची चित्रं एकत्र करून टिकाऊ कडा शोधायची रीत प्लिमथच्या संशोधकांनी रूढ केली, ती ढगाळ समुद्रांसाठी बरी पडते.

आणि पद्धत. कायुला-कॉर्निलॉनची १९९२ची रीत एका खिडकीतल्या तापमानांचे दोन गट पडतात का ते बघते. कॅनीची रीत उतार बघते. पहिलीला दोन स्वच्छ मुलूख लागतात, दुसरीला उंबरठा ठरवावा लागतो. उंबरठा अंश सेल्सियस प्रति किलोमीटर असा पक्का धरलात आणि एखाद्या वर्षी वरचा थर जास्त तापला, तर तोच फ्रंट जास्त रुंद पट्टीत "सापडतो" आणि त्याचा मध्य सरकल्यासारखा दिसतो. जागा हलली नाही, ताकद वाढली. उंबरठा थोडा वर-खाली करून निकाल टिकतो का ते पाहा. टिकला नाही तर तुमचे तीन किलोमीटर समुद्राचे नाहीत, संगणकाचे आहेत.

तुमच्या जागी मी असतो तर आता इतकं केलं असतं. भरतीच्या चांगल्या प्रारूपातून दर वर्षीचा उन्हाळी सरासरी वेगाचा घन काढून कसोटीची रेघ नकाशावर आखायची आणि तुमच्या मोजलेल्या रेघेशेजारी ठेवायची. मी धरलेला वीस किलोमीटरचा उतार खरा किती आहे हे त्यातून लगेच कळेल. दर वर्षी फ्रंट पहिल्यांदा कधी उमटला आणि कधी गेला, त्या तारखा काढायच्या. पश्चिम आयरिश समुद्रात उत्तर आयर्लंडच्या शासकीय संशोधन संस्थेने वर्षानुवर्षं नांगरून ठेवलेली मापकं आहेत, ती वरचं आणि तळाचं तापमान दोन्ही सांगतात. ती मिळाली तर उपग्रहाला न दिसणारा अर्धा भाग हाती येतो.

शेवटी तुमच्या पुरवणी प्रश्नाबद्दल, हेच आपल्या किनाऱ्यावर करता येईल का. खंभातच्या आखातात ही कसोटी लावा: वीस मीटर खोली, सेकंदाला दोन मीटर वेग, लॉग जेमतेम ०.४. तिथे उन्हाला थर बसवायची संधीच नाही. जी रेघ दिसते ती गाळाची, गढूळ आणि निवळ पाण्याची. जपानच्या सेतो अंतर्देशीय समुद्रात मात्र अरुंद सामुद्रधुन्यांत ढवळलेलं पाणी आणि मधल्या रुंद भागांत थर असा आयरिश समुद्रासारखाच खेळ आहे, तुलनेसाठी तो घ्या. हैदराबादची इन्कॉइस संस्था महाराष्ट्र-गोव्याच्या मच्छीमारांना मासळीच्या संभाव्य जागा कळवते, तीही उपग्रहातून दिसणाऱ्या तापमानाच्या आणि हरितद्रव्याच्या कडांवरूनच. पण त्या बहुतेक उघड्या समुद्रातल्या कडा. आज इथे, चार दिवसांनी तिथे. त्यांच्या दशकी कलाला वेगळी हत्यारं लागतात, ते परत कधीतरी.

सध्या एकच काम तातडीने करा. मालिका २०१६ ते २०२४ पुढे वाढवा, व्हिअर्स या नव्या उपग्रह-उपकरणाची चित्रं उपलब्ध आहेत. पण मोडिसला ती जोडताना दोन्ही उपलब्ध असलेली दोन-तीन वर्षं शेजारी ठेवून फरक तपासा, कारण चौकोनाचा आकार वेगळा आहे. माझा चंद्राचा हिशेब बरोबर असेल तर तुमची रेघ २०१५ नंतर वळून पूर्वेकडे निघालेली दिसेल. ती तशीच पश्चिमेला जात राहिली असेल, तर मी चुकलो आणि तुमच्या हाती खरोखर काहीतरी लागलं आहे. तसं झालं तर आलेखासकट कळवा, मात्र त्या आलेखाखाली दर वर्षी निरभ्र दिवस किती मिळाले तेही लिहा.